अकरा घरांचा आकडा



स्नेहसंमेलनाचे चित्रण घरी नेताना आपल्यापैकी पुष्कळांना एक विचित्र अनुभव आला असेल. पेन-ड्राइव्ह बत्तीस जीबीचा, नवा कोरा. नाटकाच्या चित्रणाची फाइल जेमतेम सहा जीबीची. तरीही संगणक सांगतो की ही फाइल येथे घेता येत नाही, ती फार मोठी आहे. दुकानदाराने फसविले असे वाटून आपण तावातावाने कोठीच्या बाजारात जातो. दुकानदार बिचारा निर्दोष असतो. पेन-ड्राइव्हवर जागा भरपूर आहे. अपुरी आहे ती फाइलची लांबी लिहून ठेवण्याची जागा.

हे नीट समजावून घेण्यासारखे आहे. संगणकातील माहितीचे माप बाइट हे होय. शंभर कोटी बाइट म्हणजे स्थूलमानाने एक जीबी. कोणतीही फाइल साठविताना तिच्यातील मजकुराबरोबरच तिचे नाव, तारीख आणि ती किती बाइटांची आहे हा आकडा यांचीही नोंद करावी लागते. पुष्कळ पेन-ड्राइव्हांवर ‘फॅट-३२’ नावाची जी मांडणी असते, तिच्यात ह्या आकड्यासाठी बत्तीस घरे राखून ठेविली आहेत आणि प्रत्येक घरात ० किंवा १ एवढेच लिहिता येते. बत्तीस घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ ही आहे. त्यापेक्षा एका बाइटानेही मोठी असलेली फाइल तेथे लिहिता येत नाही, मग बाकीची जागा कितीही मोकळी असो. काही जुन्या कार्यक्रमांत तर ह्या बत्तीसांपैकी एक घर अधिक-उणे चिन्हासाठी खर्ची पडत असे. त्यामुळे त्यांची धाव २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच, म्हणजे सुमारे दोन जीबींपर्यंत होती. कित्येक कॅमेरे लांबलचक चित्रणाचे आपण होऊन चार-चार जीबींचे तुकडे पाडतात, त्याचे मूळही येथेच आहे.

पेन-ड्राइव्हच्या बाबतीत निदान एवढे बरे की संगणक तोंडावर नकार देतो. चुंबकीय फितीच्या बाबतीत हीच मर्यादा अधिक फसवी होते, कारण तेथे नकार न मिळताही घात होऊ शकतो. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. त्यात माझ्या स्वतःच्या घरची एक हकीकत आहे. ती ओघाने येईलच.

आज फीत म्हटली की घरातील जुना टेपरेकॉर्डर आठवतो आणि ही वस्तू कालबाह्य झाली असे वाटते. तसे नाही. मोठ्या संस्था आपल्या माहितीची राखीव प्रत आजही फितीवर ठेवतात. २०२१ साली बाजारात आलेल्या ‘एलटीओ-९’ जातीच्या एका काडतुसात सुमारे अर्धा इंच रुंदीची, एक हजार पस्तीस मीटर लांबीची फीत असते आणि तिच्यावर अठरा हजार जीबी माहिती राहते. फीत काढून कपाटात ठेविली की तिला वीज लागत नाही. आणि कपाटातील फितीपर्यंत संगणकाचा विषाणूही पोचू शकत नाही. उणीव एवढीच की फीत उलगडतच वाचावी लागते. ग्रंथाचे मधलेच पान उघडावे तशी ती उघडता येत नाही.

फितीच्या मर्यादेचा एक जुना व प्रामाणिक प्रकार आमच्या हैदराबादच्या उद्योगाशी जोडलेला आहे. बालानगरचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आपणांस ठाऊक असेलच. शहराच्या दक्षिणेस शादनगर येथे १९७९ साली उभारलेल्या त्याच्या भू-केंद्रात अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांनी टिपलेली भूमीची चित्रे उतरवून घेतली जाऊ लागली. ह्या मालिकेतील पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सुटला होता. त्याच्या बहुवर्णी यंत्राचे एक चित्र म्हणजे सुमारे १८५ किलोमीटर लांब व तितकीच रुंद भूमी. त्यात २,३४० ओळी, प्रत्येक ओळीत सुमारे ३,२४० ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याची चार वर्णांची चार मापे. गुणाकार करून पाहा : ३,०३,२६,४०० बाइट. त्या काळची फीत २,४०० फूट लांब असे आणि तिच्यावर दर इंचास ८०० बाइट बसत. म्हणजे संपूर्ण फितीवर, एक इंचही कोरा न सोडता, २,३०,४०,००० बाइट. प्रत्यक्षात लेखनाच्या दोन टप्प्यांमध्ये कोरी जागा सोडावीच लागे, म्हणून त्याहूनही कमी. चित्र मोठे आणि फीत लहान! तेव्हा अमेरिकेतील योजकांनी चित्राच्या चार उभ्या पट्ट्या केल्या आणि एका चित्रासाठी चार फिती दिल्या. घेणाऱ्याला आधीच ठाऊक असे की फिती चार आहेत आणि कोणत्या क्रमाने जोडावयाच्या. चित्र कापले गेले, पण सांगून-सवरून कापले गेले. माझी तक्रार आहे ती न सांगता होणाऱ्या कापाकापीविषयी.

आता ‘टार’ ह्या नावाकडे वळू. ‘टेप आर्काइव्ह’, म्हणजे फितीवरील दप्तर, ह्या शब्दांचे ते लघुरूप आहे. जानेवारी १९७९ मध्ये युनिक्स प्रणालीची सातवी आवृत्ती निघाली, तिच्यात हा कार्यक्रम होता, आणि त्याची मांडणी थोड्या फेरफाराने आजही जगभर चालू आहे. ती फार साधी आहे. प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटांची एक चिठ्ठी लिहावयाची. चिठ्ठीवर फाइलचे नाव, तारीख, लांबी इत्यादी तपशील. चिठ्ठीनंतर फाइलचा मजकूर. तो संपला की पुढील फाइलची चिठ्ठी. वाचणारा कार्यक्रम चिठ्ठीवरील लांबी पाहतो, तितके बाइट मोजून उचलतो आणि जेथे मोजणी संपेल तेथे पुढची चिठ्ठी मिळणार अशी अपेक्षा धरतो. अनोळखी प्रदेशातून जाणाऱ्या वाटसरूने प्रत्येक मुक्कामी मिळालेल्या कागदावर विसंबून चालावे, तसेच हे आहे. कागदावर ‘पुढील मुक्काम चार कोसांवर’ असे असेल तर तो चार कोसांवरच थांबणार. गाव प्रत्यक्षात बारा कोसांवर असले तरी!

ही लांबी चिठ्ठीवर कशी लिहितात, येथे सगळी मेख आहे. तिच्यासाठी बारा बाइटांची जागा आहे. त्यांतील शेवटचा बाइट समाप्तीच्या खुणेकडे जातो. उरली अकरा घरे. ह्या अकरा घरांत आकडा दशमान पद्धतीने न लिहिता अष्टमान पद्धतीने, म्हणजे ० ते ७ ह्याच अंकांनी लिहावयाचा. दशमानात डावीकडे एकेक घर सरकताना किंमत दहापट होते, येथे ती आठपट होते. त्यामुळे अकरा घरांची मर्यादा म्हणजे आठाचा अकरावा घात वजा एक. आठाचा अकरावा घात ८,५८,९९,३४,५९२ होतो. तेव्हा साधारण साडेआठ अब्ज बाइटांपलीकडची फाइल ह्या चिठ्ठीवर खरेपणाने नोंदविताच येत नाही.

ज्यांनी ही घरे आखली त्यांना अदूरदर्शी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या काळी त्यांच्या यंत्रांना लावीत असलेल्या एका प्रसिद्ध तबकडीवर पंचवीस लाख बाइट मावत. साडेआठ अब्ज बाइटांची फाइल म्हणजे तसल्या तीन हजारांहून अधिक तबकड्या भरून टाकणारी फाइल. अशी फाइल कोणी करील हे कोणाच्या स्वप्नात यावे? दोष आखणाऱ्यांचा नाही. आकडा घरांबाहेर जात असल्याचे पाहूनही जो कार्यक्रम गप्प राहतो, त्याचा आहे. काही कार्यक्रम अशा वेळी फाइल वगळतात आणि नोंदवहीत तशी एक ओळ टाकतात. ती ओळ वाचणारा कोणी असला तर ठीक. दुसऱ्या काहींची रीत स्कूटरच्या मीटरसारखी असते. पाच घरांचे मीटर ९९,९९९ किलोमीटरनंतर ००,००० दाखविते. गाडी मात्र लाख किलोमीटर धावलेलीच असते.

आता घरची हकीकत. माझ्या एक आत्या जामबागेतच लहानाच्या मोठ्या झाल्या. त्यांचे बोलणे ऐकण्यासारखे असे. मराठीत मधूनच दखनी शब्द येई आणि तो तेथेच शोभे. २००४ सालच्या हिवाळ्यात त्यांना समोर बसवून मी साठ मिनिटांच्या एका डीव्ही कॅसेटभर त्यांच्या आठवणी चित्रित केल्या. वाड्यातील लग्ने, आजोळ, लोणच्यांचा पसारा, आणि मग निजामी राजवटीचे शेवटचे दिवस. कॅसेटवरून ते चित्रण जसेच्या तसे संगणकावर उतरविले. ह्या जातीच्या चित्रणात एका सेकंदाला पंचवीस चित्रे असतात आणि प्रत्येक चित्राला १,४४,००० बाइट लागतात. म्हणजे सेकंदाला छत्तीस लाख, आणि तासाला १२,९६,००,००,००० बाइट. मी त्या वेळी ज्या कचेरीत होतो तेथे फितीचे यंत्र होते. वरिष्ठांची परवानगी घेऊन वीस जीबीच्या एका फितीवर ती फाइल व घरातील काही छायाचित्रे मी उतरवून घेतली. फितीवर जागा पुरून उरली. काम निर्विघ्न पार पडले असे समजून संगणकावरील फाइल पुसून टाकली. आणि कॅसेटवर पुढे घरातल्याच एका मंगलकार्याचे चित्रण झाले. ह्या दोन्ही गोष्टींत घाई झाली ती माझीच.

२००८ मध्ये आत्या गेल्या. पुढील वर्षी वर्षश्राद्धाला सगळी मंडळी जमणार म्हणून मी फीत वाचून आणली. आम्ही सारे बसून पाहत होतो. आत्या १७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळपर्यंत आल्या, ‘शेजारच्यांच्या रेडिओवर’ इतके म्हणाल्या, आणि चित्र बंद पडले. वीस मिनिटे चौदा सेकंद झाली होती.

फीत बिघडली असेच सर्वांचे मत पडले. हवेतील दमटपणा, बुरशी, यंत्राची झीज, अशी पुष्कळ कारणे निघाली. मलाही ते पटले असते. परंतु त्या फाइलनंतर लिहिलेली छायाचित्रे एकूण एक सुरक्षित आली होती. फीत मध्येच बिघडली आणि पुढे पुन्हा सुधारली, हे मनाला पटेना. वाचताना कार्यक्रमाने ‘पुढील चिठ्ठी शोधत आहे’ अशा अर्थाची एक ओळ दाखविली होती, ती मी दुर्लक्षिली होती. शेवटी माझ्या एका तरुण सहकाऱ्याने मला प्रश्न केला, ‘‘काका, नेमका किती भाग आला नाही, ते सांगा पाहू.’’

हिशेब केला. आलेली फाइल ४,३७,००,६५,४०८ बाइटांची होती. मूळची १२,९६,००,००,००० बाइटांची. वजाबाकी केली तेव्हा उत्तर आले ८,५८,९९,३४,५९२. हा आकडा वर येऊन गेला आहे. आठाचा अकरावा घात, एकही बाइट अधिक नाही की उणा नाही! निसर्गाने केलेली नासाडी इतकी नेमकी असत नाही. बुरशीला अष्टमान पद्धत ठाऊक नाही.

मग सारे उलगडले. मूळ लांबी अष्टमानात लिहिली तर १४०४३६३६४००० अशी येते. अंक मोजा, बारा आहेत. घरे अकरा. आमच्या जुन्या कार्यक्रमाने डावीकडचा एक टाकून दिला आणि ४०४३६३६४००० एवढेच चिठ्ठीवर लिहिले. त्याची दशमान किंमत ४,३७,००,६५,४०८. म्हणजेच वीस मिनिटे चौदा सेकंदांचे चित्रण. (वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे दोन्ही आकडे स्वतः फिरवून पाहावेत, कागदाचे एक पान पुरते.) चिठ्ठीवर तिच्यातील अक्षरांची बेरीज करून काढलेला एक ताळाही असतो. तो तर अगदी बरोबर जुळत होता; कारण चुकीचा आकडा लिहिल्यावर त्या चुकीच्या आकड्याचाच ताळा मांडलेला होता. शिवाय तो ताळा चिठ्ठीपुरताच असतो, मजकुराला त्याचे संरक्षण नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ताळा जुळला म्हणजे गणित बरोबर आले, अशी आपली शाळेतील समजूत. गुरुजींनी दिलेले गणितच वहीत चुकीचे उतरविले असेल तर ताळा काय करणार?

परंतु ह्याच शोधात आशेची एक जागा निघाली. चिठ्ठीवरील आकडा चुकला होता. मजकूर लिहिण्याचे काम मात्र कार्यक्रमाच्या निराळ्या भागाकडे होते आणि त्याने आपली मोजणी पूर्ण केली असण्याचा संभव होता. तसे असेल तर उरलेली एकोणचाळीस मिनिटे आणि शेहेचाळीस सेकंद फितीवर जागच्या जागी असली पाहिजेत; केवळ वाचणारा अलीकडेच थांबत आहे. छायाचित्रे शाबूत मिळाली, ती वाचणाऱ्याने पुढचा अनोळखी भाग ओलांडीत ओलांडीत पुढील खरी चिठ्ठी हुडकून काढली म्हणून.

सहकाऱ्याने टार कार्यक्रम बाजूला ठेवला आणि फितीवरील सगळे बाइट, चिठ्ठ्यांसह, जसे होते तसे एका मोठ्या तबकडीवर उतरविले. त्यातून पहिली ५१२ बाइटांची चिठ्ठी वगळून पुढचे ५१२ बाइटांचे २,५३,१२,५०० ठोकळे मोजून वेगळे काढावयाचे होते. १२,९६,००,००,००० ला ५१२ ने भागले तर बाकी शून्य उरते, म्हणून शेवटचा ठोकळाही पूर्ण भरलेला होता. त्याच्या लगोलग पहिल्या छायाचित्राची चिठ्ठी दिसली. मोजणी बरोबर असल्याचा ह्याहून चांगला पुरावा मला नको होता.

ह्या मर्यादेवर उपाय फार पूर्वी निघाले आहेत, हे सांगितले नाही तर विषय अपुरा राहील. एक उपाय असा की बारा घरांच्या आरंभी एक विशिष्ट खूण करावयाची आणि मग अष्टमानाचे अंक न लिहिता प्रत्येक बाइटाची पूर्ण शक्ती वापरावयाची; मर्यादा आभाळाएवढी वाढते. दुसरा उपाय २००१ साली प्रमाणित झाला. त्याला ‘पॅक्स’ म्हणतात आणि तो मला अधिक आवडतो, कारण तो आपल्या परीक्षागृहातला आहे. उत्तरपत्रिका भरली तर आपण पुरवणी जोडतो, तशीच येथे मूळ चिठ्ठीला एक पुरवणी-चिठ्ठी जोडतात आणि तिच्यावर फाइलची लांबी साध्या दशमान अंकांत, लागतील तितकी घरे घेऊन लिहितात. अडचण इतकीच की फार जुन्या वाचकाला पुरवणी कळत नाही. तो तिला एक लहानशी स्वतंत्र फाइल समजतो. ज्यांना असा जुना वाचक टाळता येत नाही ते फाइलचेच तुकडे करतात, प्रत्येकाला क्रमांक देतात आणि सर्व तुकड्यांचा ताळा वेगळ्या कागदावर ठेवितात. लँडसॅटच्या चार फितींचाच हा मार्ग होय. उपाय कोणताही योजिला तरी मूळ प्रत पुसण्यापूर्वी फीत एकदा शेवटपर्यंत परत वाचून दोहोंची तुलना करणे, हे काम माझ्या हातून २००४ साली राहिले. त्याला त्या दिवशी फार तर तास-दीड तास लागला असता.

आत्यांचे चित्रण आता तीन ठिकाणी आहे. नव्या फितीवरील तिच्या पुरवणी-चिठ्ठीत १२९६००००००० हे अकरा अंक मी स्वतः वाचून खात्री केली. ही संख्या दशमानात अकराच घरांत बसते, ह्याचे त्या दिवशी थोडे हसूही आले.

फाइल हाती आली त्या रविवारी मंडळी पुन्हा जमली. वीस मिनिटे चौदा सेकंद झाली तेव्हा खोलीत कोणी हालले नाही. आत्यांचे वाक्य तसेच पुढे गेले. शेजारच्यांच्या रेडिओवर शरणागतीची बातमी लागली तेव्हा आमच्या दाराला आतून कडी आणि वर लाकडी अडसर होता. पाच दिवस कोणी अंगणात उतरले नव्हते. भिंतीपलीकडून शेजारच्या आपांनी हाक मारली की बाई, आता किवाड उघडा. आत्यांच्या आईने अडसर काढला, क्षणभर उंबऱ्यावर उभी राहिली, आणि मग तांब्या घेऊन आधी तुळशीकडे गेली, कारण पाच दिवस तिला पाणी मिळालेले नव्हते.